पुराव्यादाखल

पुण्याच्या कडेच्या गावांतलं पाणी एकदम जात नाही, क्रमाने जातं. टेकडी फोडली की पाझर जातो, पाझर गेला की ओढा आणि ओढ्यामागून विहीर. शेवटी कागदावरची खूण पुसली जाते, आणि मग पाणी होतं म्हणणाराच खोटा ठरतो. बांधकामाविरुद्ध गावकरी न्यायालयात उभे राहतात तेव्हा त्यांना पहिल्यांदा हेच विचारलं जातं, की इथे पाणी होतं ते कशावरून? ही यादी त्या प्रश्नासाठी केली आहे. त्यात जे गेलं ते आहे, जे जातंय ते आहे आणि जे अजून राखता येईल तेही आहे.

पाझर

पुण्याची जमीन बेसॉल्टची, थरावर थर असलेली. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे भेगाळलेला खडक, कुठे बारीक पोकळ्यांचा मांजऱ्या, तर कुठे थेंबही आत न घेणारा काळा पाषाण. टेकडीवर पडलेला पाऊस मुरतो, भेगांतून आडवा सरकतो आणि खाली पाषाण लागला की उतारावर बाहेर येतो. पावसाळा सरल्यावरही टेकडीचा पायथा ओला राहतो तो याच पाण्यावर.

दुमजली तळघरासाठी खोल खोदाई झाली की ही आडवी वाट कापली जाते. खड्ड्यात पाणी भरतं, पंप बसतो आणि उपसलेलं पाणी रात्रंदिवस पावसाळी गटारात जातं. बांधकामावर त्याला अडथळा समजतात. उताराखालच्या विहिरीचं ते वर्षाचं पाणी असतं. तळघराला जलरोधक थर बसला की पंप थांबतो, पण कापलेली वाट पुन्हा जुळत नाही.

पाझराची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. म्हणून पाझर गेल्याची तक्रार घेऊन जायचं तरी कुठल्या टेबलाशी, हे कोणाला सांगता येत नाही.

झरा

बावधन, पाषाण, बाणेर, कोथरूड हा टेकड्यांच्या पायथ्याचा पट्टा आहे. इथे झरे आहेत आणि होते. त्यांतला बावधनचा झरा लोकांना बराच परिचयाचा. शहराखाली खडकात पाणी धरून ठेवणारे जलधर आहेत आणि हे झरे त्यांची तोंडं आहेत. ही गोष्ट पुण्यातल्या अ‍ॅक्वाडॅम या भूजल संस्थेने आणि जीवितनदी या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना समजावून सांगितली आहे.

विकास आराखड्यात रस्ता, शाळा, उद्यान, दवाखाना यांची आरक्षणं असतात. झऱ्याचं आरक्षण सहसा सापडत नाही. झऱ्याची जागा ज्याच्या नावावर असेल त्याला ती सपाट करता येते. झऱ्याचं पाणी मात्र त्याच्या सातबाऱ्याच्या हद्दीबाहेर दूरवर पडलेल्या पावसाचं असतं.

ओढा

गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीनमोजणी १८३६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. त्या पद्धतीने झालेल्या मोजणीतून गावोगावचे नकाशे निघाले. ओढे, नाले त्यांवर रेषांनी काढलेले आहेत. आजही वादात ओढ्याच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष देतो तो हाच नकाशा.

जमिनीवर मात्र ओढा अरुंद होत जातो. आधी काठावर राडारोडा पडतो. दुसऱ्या वर्षी त्यावर मुरूम पसरतात आणि तिसऱ्या वर्षी सीमाभिंत उभी राहते. मग ओढ्याला नळकांडं घालून वर रस्ता करतात. वरच्या वस्तीचं मैलापाणी त्याच नळकांड्यात सोडलं की ओढ्याचं गटार झालं. पुढच्या आराखड्यात त्याला नाव मिळतं तेही गटाराचंच.

रामनदी मुळशी तालुक्यात खाटपेवाडीजवळ उगम पावते. भुगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत ती मुळेला मिळते. तिच्या वाटेवरची ही सारी मुळात गावं. प्रत्येक गावाने तिचं पाणी प्यायलं आहे.

आंबिल ओढा कात्रजकडून येतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह पर्वतीजवळ वळवला गेला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्या ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, घरं वाहिली. त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याची रुंदी कागदावर किती आणि जागेवर किती, याची चर्चा सुरू झाली ती त्यानंतर.

उच्छ्वास

नानासाहेबांच्याच काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत दगडी बांधणीचा भुयारी नळ आला. त्याला ठिकठिकाणी वर उघडणारे उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून हवा खेळायची आणि गाळ काढायला माणूस खाली उतरायचा. नळाच्या पाण्यावर पेठांतले हौद भरत. काळा हौद, बाहुलीचा हौद, तांबट हौद, साततोटी हौद ही नावं त्या व्यवस्थेची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचा बांधही फुटला. शहराच्या नळांना पाणी नव्हतं तेव्हा पेठांना आधार दिला तो या हौदांनी आणि वाड्यांतल्या आडांनी.

पुढे नळाच्या वाटेवर इमारती आल्या. कुठे पाया त्याच्या अंगावर आला, कुठे सांडपाण्याची जोडणी त्यात शिरली. उच्छ्वासांवर फरशा पडल्या. आज त्यांतले किती दिसतात, हे पेठांत पायी फिरणाऱ्यांनाच ठाऊक.

विहीर

विहिरीबरोबर किती गोष्टी असत! मोट, मोटेची धाव, थारोळं, पाट, काठावरचं औदुंबराचं झाड, उतरायच्या पायऱ्या, गाळ काढायचा ठरलेला उन्हाळा. मोट जाऊन इंजिन आलं, इंजिन जाऊन मोटार आली, तोवर विहीर टिकून होती. ती बुजली ती जमीन बिनशेती झाल्यावर.

सातबाऱ्याच्या बारा नमुन्यात पिकांबरोबर पाण्याच्या साधनाची नोंद असते. ‘विहीर’ हा शब्द तिथे कित्येक पिढ्या लिहिलेला असतो. जमीन बिनशेती झाली की पीकपाहणी थांबते. नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका आली की सातबाराच बंद होतो. विहीर बुजवण्याआधी तिचा शब्द मिटलेला असतो.

जिथे विहीर राहिली तिथे पाणी बिघडलं. नव्या वस्त्यांना आधी वीज येते, मग रस्ता येतो, आणि मैलावाहिनी सगळ्यांत शेवटी. तोपर्यंत शोषखड्डे आणि सेप्टिक टँक यांच्यावर भागवतात. भेगाळलेल्या बेसॉल्टमध्ये ते पाणी गाळलं न जाता सरळ खाली उतरतं.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. हातापायांतली ताकद जाण्याचा हा आजार. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडल्याचं तपासणीतून पुढे आलं. नांदेडमधल्या मोठ्या विहिरीतून या गावांना पाणी जात होतं. त्यात धरणाचं पाणी येत होतं आणि ते केवळ क्लोरिन टाकून पुढे सोडलं जात होतं. या गावांत घरपट्टी पोहोचली होती, इमारती पोहोचल्या होत्या. शुद्धीकरण केंद्राचं पाणी पोहोचलं नव्हतं.

मासे

‘पुण्याचे मासे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा ए. जी. एल. फ्रेझर यांचा लेख १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. नंतरच्या अभ्यासकांनी मुळा-मुठेत पुन्हा शोध घेतला, तेव्हा शहरातल्या पात्रात त्या यादीतल्या अनेक जाती त्यांच्या हाती लागल्या नाहीत. वाम, मरळ, शिंगाळा ही नावं भोई-कोळ्यांच्या घरांत उरली.

फ्रेझर यांच्या यादीचं मोल आज कळतं. नदी मेली असं कोणी म्हटलं तर ती केव्हा जिवंत होती आणि तिच्यात कोण राहत होतं, हे सांगायला तो कागद आहे. पुण्याभोवतीच्या ओढ्यांचा, विहिरींचा असा कागद सहसा सापडत नाही.

निळी रेषा

पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी पूररेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नदीचं घर आहे असं मानायचं आणि तिथे भराव, बांधकाम करायचं नाही, हा साधा नियम आहे.

मुठेकाठी विठ्ठलवाडीपासून महामार्गाच्या बाह्यवळणापर्यंत महापालिकेने रस्ता करायला घेतला. भराव निळ्या रेषेच्या आत पडला. वास्तुविशारद सारंग यादवाडकर आणि इतरांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात धाव घेतली. जुलै २०१३ मध्ये निर्णय आला, की निळ्या रेषेच्या आतला रस्ता असा चालणार नाही, तो सरकवावा लागेल. पुण्यातल्या नदीच्या बाजूने लागलेला हा मोठा निकाल. खटला उभा राहिला तो नकाशावरच्या एका रेषेवर. ती रेषा आधीच आखलेली आणि प्रसिद्ध केलेली होती, म्हणून ‘नदी कुठे संपते’ या वादात वर्षं गेली नाहीत.

ओढ्यांना अशी रेषा फार थोड्या ठिकाणी आहे. विहिरीला आणि झऱ्याला ती नाहीच.

वरचं पाणी

पुण्याचं बहुतेक पाणी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांतून येतं. चारही मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. यांतल्या वरसगावच्या जलाशयाकाठी, मोसे खोऱ्यात, मुळशी तालुक्यातल्या दासवे आणि आसपासच्या गावांत लवासा हे खासगी शहर उभं राहिलं. तिथल्या शेतकऱ्यांनी आणि कातकऱ्यांनी जमिनी, ओढे आणि पाणवठे गेल्याची तक्रार मांडली. जनआंदोलनांचा राष्ट्रीय समन्वय त्यांच्याबरोबर होता. २५ नोव्हेंबर २०१० ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढली आणि काम थांबलं. ९ नोव्हेंबर २०११ ला अटींसह मंजुरी मिळाली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. परवानग्यांना आव्हान देणारी जनहित याचिका फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाली, त्यात याचिका उशिरा आल्याचा मुद्दा निर्णायक ठरला.

या तालुक्याला लढा नवा नाही. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह इथेच सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. तेव्हा गावं पाण्याखाली जात होती. नव्वदेक वर्षांनी त्याच डोंगरांतल्या गावांना आपलं पाणी मागायला उभं राहावं लागलं.

काळं पाणी

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही हडपसरपलीकडची बागायती गावं. १९९१ पासून पुण्याचा कचरा उरुळीत पडू लागला. पुढे डेपो १६३ एकरांवर पसरला. कचऱ्यातून निथळणारं पाणी जमिनीत उतरत राहिलं आणि विहिरींचं पाणी काळपट झालं. पिण्याला, मग धुण्याला, मग शेतीला, अशा क्रमाने विहिरी बाद झाल्या. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, उपोषणं केली, हरित न्यायाधिकरणात गेले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली तेव्हा वीसहून अधिक दिवस त्यांनी शहराच्या गाड्या येऊ दिल्या नाहीत.

इथे बांधकाम दूर, शहरात होतं. त्याचा उरलासुरला भार या गावांवर येऊन पडला. प्रत्येक नव्या इमारतीच्या मंजुरीत कचरा कुठे जाणार याचं उत्तर कागदावर असतं. प्रत्यक्षात ते उत्तर कित्येक वर्षं फुरसुंगीच्या विहिरींनी दिलं. गावाला टँकर मिळाले. ज्या गावाच्या मळ्यांना स्वतःचं पाणी होतं, त्या गावातल्या बायका टँकरच्या वेळेवर घड्याळ लावू लागल्या.

मंजुरीतला आकडा

१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. मंजुरीत घरांचा आकडा असतो. पाणी किती लागेल, मैलापाणी किती निघेल, हे त्या आकड्यावर ठरतं.

सिंहगड रस्त्यावरच्या एका प्रकल्पाला ५५२ सदनिकांची मंजुरी होती, उभ्या राहिल्या ८०७. याविरुद्धचा लढा तानाजी गंभिरे यांनी हरित न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात नेला. १० ऑगस्ट २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने विकासकाला १०० कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या दहा टक्के, यांतली जी रक्कम जास्त असेल ती भरायला सांगितली.

हिशेब पाण्यात करून पाहावा. वाढलेल्या सदनिका २५५. घरटी पाच माणसं आणि माणशी रोज १३५ लिटर धरलं तर दिवसाला सुमारे १ लाख ७२ हजार लिटर. मंजुरीत नसलेलं एवढं पाणी कुठून तरी येतं, आणि त्यातलं बरंचसं मैलापाणी होऊन कुठे तरी जातं. पुण्याच्या कडेला या ‘कुठून तरी’चा अर्थ बोअर आणि टँकर होतो, आणि ‘कुठे तरी’चा अर्थ ओढा.

ग्रामपंचायत

ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं पुणे महापालिकेत आली. जून २०२१ मध्ये आणखी तेवीस आली. सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी, वाघोली, पिसोळी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्यांतली. समावेशाच्या दिवशी ग्रामपंचायत संपते. ग्रामसभाही संपते. ठरावांची वही, पाणीपुरवठ्याची नोंदवही, विहीर खोदल्याचा जुना खर्च, हे सारं एखाद्या कपाटात बांधून जातं.

गाव म्हणून दाद मागायची तर ग्रामसभेचा ठराव हे मोठं बळ. तो मागे असला की अर्जदार एकटा नसतो, सगळं गाव त्याच्यामागे असतं. ठराव करणारी सभाच गेल्यावर उरतात सुटे रहिवासी. मार्च २०२२ मध्ये महापालिकेवर प्रशासक आला आणि नव्या गावांना आपला नगरसेवक मिळायला वर्षं गेली. उरुळी आणि फुरसुंगी तर महापालिकेत आली, पुन्हा बाहेर काढली गेली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. दप्तर प्रत्येक वेळी हललं. विहिरी तिथेच होत्या, त्यांचे कागद मात्र फिरत राहिले.

बाटलीतला नमुना

पाणी पिवळं आलं, वास आला, की लोक बाटली भरून ठेवतात आणि सभेत दाखवतात. ही बाटली मनाला पटते. खटल्याला तिचा उपयोग थोडा. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ प्रदूषण मंडळाने नमुना कसा घ्यायचा ते सांगतं. समोरच्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या मोहरबंद करायच्या, सह्या घ्यायच्या.

हरित न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याने काटेकोर बांधलेलं नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तारखेनिशी केलेली तपासणी तिथे ठेवता येते. पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतू एकही चालत नाही. अडचण येते ती तुलनेची. आजचा अहवाल पाणी खराब आहे एवढं सांगतो. बांधकामाआधी ते चांगलं होतं हे सांगणारा अहवाल गावाकडे नसतो, कारण चांगलं पाणी कोणी तपासायला नेत नाही.

मुदत

ही सगळ्यांत लवकर संपणारी गोष्ट. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात कलम १४ खाली दाद मागायला वादाचं कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिने मिळतात. सबळ कारण दिलं तर वर साठ दिवस. नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याच्या मागणीला, कलम १५ खाली, पाच वर्षं आहेत.

सहा महिन्यांत गावात काय होतं? सुरुवातीला पत्र्यांचं कुंपण पडतं. आत काय चाललंय ते दिसत नाही. मग खोदाई, मग पंप. विहिरीची पातळी उतरते, पण उन्हाळा असतो, म्हणून लोक पावसाची वाट पाहतात. पाऊस होतो आणि पातळी येत नाही. आता लोक ग्रामसेवकाकडे, तलाठ्याकडे, वॉर्ड ऑफिसात, प्रदूषण मंडळात जाऊ लागतात. प्रत्येक ठिकाणी अर्जावर पोच मिळते. पोच गोळा करता करता मुदत संपते.

भरपाई न मागणाऱ्या अर्जाचं शुल्क हजार रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ. पुण्यातलं पीठ विधान भवनासमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत बसतं. म्हणजे दार दूर नाही आणि महागही नाही. फक्त ते लवकर बंद होतं. मराठी सातबारा, ठराव, जबाब इंग्रजीत करून द्यायलाही दिवस जातात, आणि ते याच सहा महिन्यांतले असतात.

साक्षीदार

विहीर किती हातांवर लागली, मांजऱ्या कुठे सुरू झाला, कुठल्या दुष्काळात तळ दिसला, हे सांगणारी माणसं आता फार थोडी राहिली आहेत. विहिरी खणणारे वडार, गुरं पाण्यावर नेणारे गुराखी, नदीवर जाळं टाकणारे भोई, ओढ्यावर धुणं नेणाऱ्या बायका. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या झऱ्याने गाव जगवलं, हे जाणत्या वयात पाहिलेला माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे.

त्यांचं ज्ञान न्यायालयात चालतं. त्यासाठी ते प्रतिज्ञापत्रावर यावं लागतं, गट नंबर, दिशा आणि वर्ष यांसह. म्हातारं माणूस गेलं की गावाचा भूजलाचा एक नकाशा जातो आणि त्याची नक्कल कुठल्याही कार्यालयात मिळत नाही.

निकाल

स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सांगितलं. नद्या, जंगलं ही सरकारकडे लोकांची ठेव म्हणून असतात, मालकी म्हणून नव्हे, हे १९९६ च्या डिसेंबरमध्ये कमलनाथ खटल्यात. गावतळी ही समाजाची संपत्ती आहे, ती राखलीच पाहिजेत, हे २००१ मध्ये हिंच लाल तिवारी खटल्यात. कायदा गावकऱ्याच्या विरोधात नाही, हे लोकांपर्यंत पोहोचलं पाहिजे.

तरी निकालही विरून जातो. आदेशात मुदत असते, समिती असते, अहवाल असतो. अहवाल येईतो अधिकाऱ्याची बदली होते. अर्जदार थकतो, कधी तडजोड करतो, कधी गाव सोडतो. त्यानंतर आदेश पाळला का, हे विचारणारं कोणी नसतं. निकालाची प्रत लावण्यासाठी पूर्वी ग्रामपंचायतीचा फलक होता. तो फलकही या यादीत घ्यायला हवा.

नोंद

उरलेल्या गोष्टींसाठी एवढं करता येतं, आणि ते आजच करता येतं.

गावनकाशाची प्रमाणित प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून काढून ठेवावी. त्यावर प्रत्येक ओढा, विहीर, झरा, पाणवठा गट नंबरासह लिहावा. जुने सातबारे, विशेषतः विहिरीची नोंद असलेले, काढून ठेवावेत. विहिरीची पाणीपातळी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, दोरीने मोजून तारखेसह वहीत घालावी. पाणी चांगलं असतानाच ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी तिच्याकडे असतात, त्या माहितीच्या अधिकारात मागाव्यात. म्हाताऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं करून घ्यावीत. जिथे ग्रामसभा अजून आहे तिथे पाण्याच्या जागांचा ठराव करावा, हद्दवाढीची अधिसूचना येण्याआधी. जिथे ती गेली तिथे सोसायट्या आणि मूळ गावकरी यांनी एका अर्जावर सह्या कराव्यात, कारण टँकर दोघांच्याही दारात उभा राहतो.

खासगी विहीर, सार्वजनिक आड, मोठी बारव असा भेद करू नये. लहान पाणी आधी जातं.

विठ्ठलवाडीला आधी आखलेली रेषा हाताशी होती, म्हणून नदीची बाजू मांडता आली. मोसे खोऱ्यात याचिकेला उशीर झाला आणि प्रश्न तिथेच अडला. दोन्हींतून गावाने घ्यायचं ते एकच. गावाचं पाणी गावाच्या कागदावर असलं पाहिजे, आणि त्या कागदावरची तारीख पहिल्या खड्ड्याच्या आधीची असली पाहिजे.